प्रेमभंगाचे सुतक

दुःखांमध्येही आपल्या समाजाने उच्चनीचता ठरवून ठेविली आहे. मृत्यूचे दुःख सर्वांत कुलीन. त्यास दहा दिवसांचे सुतक आहे, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे, समाचारास येणारी माणसे आहेत. व्यापारात बुडालेल्याचे दुःख त्याच्या खालचे. तरी त्याच्या दाराशीही चार आप्त येऊन हलक्या आवाजात बोलतात. परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या वाट्यासदेखील, रागावलेली का होईना, पण थोडी सहानुभूती येते. परंतु पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे वा मुलीचे पहिले प्रेम तुटले, तर त्या दुःखास आपल्या घरात बसावयास पाटही मिळत नाही. ते एक तर हास्यास्पद ठरते, नाही तर लज्जास्पद. आणि पुष्कळदा दोन्ही. आमचे म्हणणे असे आहे की, हे दुःख खरे आहे, ते प्रौढ होण्याच्या वाटेवरील दुःख आहे, आणि जे सुशिक्षित घर त्यास दुःख म्हणून मान देत नाही ते आपल्या अपत्याशी निष्ठुरपणाने वागते. हा निष्ठुरपणा बहुधा प्रेमापोटीच घडतो हे आम्ही जाणतो; पण त्यामुळे त्याचे परिणाम सौम्य होत नाहीत.

या विषयाचा विचार भुसावळासारख्या गावाच्या अनुषंगाने करणे युक्त होईल, कारण हे गावच ताटातुटीवर वाढलेले आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबईहून आलेला मार्ग येथे दुभंगला. एक फाटा अकोल्यावरून १८६७ साली नागपुरास पोचला. दुसरा खंडव्यावरून १८७० साली जबलपुरास जाऊन कलकत्त्याकडील रेल्वेस मिळाला. एका लहानशा वस्तीचे मोठे जंक्शन झाले ते या दोन रुळांच्या फारकतीमुळे. आज ते मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्य ठाणे आहे. रेल्वेच्या वसाहती, आयुधनिर्माणी, दीपनगरचे वीजकेंद्र यांमुळे येथील कितीतरी घरांचा कर्ता पुरुष, आणि आता पुष्कळदा कर्ती स्त्रीही, बदलीच्या नोकरीत असते. शाळा सुटतात, बदलीचे हुकूम निघतात आणि जूनपूर्वी बिऱ्हाडे हलतात. नववीतील एखाद्या मुलाचे सारे जग एका सरकारी कागदाने उलथून पडते. आणि त्याच रात्री घरात चर्चा चालते ती सामानाच्या ट्रकची, गॅसची जोडणी बदलण्याची आणि नव्या गावी कोणत्या शाळेत नाव घालावे याची. मुलगा जेवला नाही, ही गोष्ट आईच्या ध्यानात येते. तिला वाटते, उन्हाळा बाधला असेल.

बदली हे अर्थात एकच निमित्त झाले. कधी दोहोंपैकी एकाचे मन फिरते, कधी तिसरे कोणी मध्ये येते, कधी घरच्यांच्या कानी गोष्ट जाते. निमित्त काहीही असो. घराची वागणूक मात्र ठरलेल्या तीन तऱ्हांची असते. पहिली तऱ्हा उपहासाची. "अरे, अजून मिसरूड फुटले नाही, आणि म्हणे प्रेम!" असे काका म्हणतात, आत्या तोंडाला पदर लावून हसते, आणि पुढील चार वर्षे प्रत्येक लग्नकार्यात तोच विनोद पंगतीला वाढला जातो. दुसरी तऱ्हा जप्तीची. फोन कपाटात जातो, शिकवणीचा वर्ग बदलतो, वह्यापुस्तके झाडून पाहिली जातात, आणि ज्या बापाने आयुष्यात दुसऱ्याचे पोस्टकार्डही कधी वाचले नाही तो मुलीचे खाजगी निरोप चष्मा लावून वाचीत बसतो. तिसरी तऱ्हा अब्रूची. मुलीला मामाच्या गावी धाडतात, तिची शाळा तुटली तरी चालते, आणि "आता स्थळे पाहावयास लागलेले बरे" असे शब्द बंद दाराआडून तिच्या कानी पडतील इतक्या मोठ्याने बोलले जातात. या तिन्ही तऱ्हांत एक गोष्ट समान आहे. त्या मुलाजवळ बसून "तुला फार लागले का रे?" एवढा एक प्रश्न कोणी विचारीत नाही.

याचे समर्थन म्हणून जे पहिले वाक्य पुढे केले जाते ते असे : "आमच्या वेळी असले काही नव्हते." हे वाक्य खरे आहे, मात्र त्याचा अर्थ बोलणारास वाटतो त्याहून अगदी निराळा आहे. त्या काळी हे नव्हते, कारण त्यास जागाच नव्हती. खानदेशातीलच एक सर्वांस वंद्य असे उदाहरण घ्या. बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्यास जन्मल्या आणि तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावास सासरी आल्या. बाहुली ठेवावयाची आणि पोळपाट घ्यावयाचा, यांमध्ये जो काळ असतो तो त्यांच्या पिढीतील मुलींना मिळालाच नाही. १९२९ साली शारदा कायदा झाला व मुलीच्या लग्नाचे वय निदान १४ आणि मुलाचे १८ असावे असे ठरले. तेव्हाही धर्म बुडाला अशी ओरड करणारे थोडे नव्हते. १९४९ साली मुलींसाठी ते १५ झाले. १९७८ साली मुलीसाठी १८ व मुलासाठी २१ झाले. आज सुशिक्षित घरातील मुलगी पदवी घेतल्यावाचून, आणि पुष्कळदा नोकरी लागल्यावाचून, लग्नाचा विचार करीत नाही. हे सर्व इष्टच झाले. परंतु यातून बालपण आणि विवाह यांच्या मध्ये दहा-बारा वर्षांचे एक नवे अंगण निर्माण झाले, याचा विचार आपण केला नाही. ते अंगण आपणच बांधिले. मुलामुलींना एका बाकावर नाही तरी एका वर्गात आपणच बसविले, एकाच शिकवणीस आपणच धाडिले, हातात फोन आपणच दिला. मग त्या अंगणात कोणी कोणाकडे पाहिले की आपण दचकतो, आणि कोणी पडले की त्यास उचलण्याऐवजी "अंगणात गेलासच का?" असे विचारतो.

शिवाय पूर्वीच्या ताटातुटीत एक दया होती, ती आता उरलेली नाही. माणूस गाव सोडून गेले की दृष्टीआड होई. पत्र आले तर आले, न आले तर काळ आपले काम करी. आता माणूस गावातून गेले तरी खिशातून जात नाही. ज्या मुलीशी बोलणे संपले तिचे छायाचित्र त्याच संध्याकाळी डोळ्यांपुढे येते, ती कोणाबरोबर हसत आहे हेही दिसते. वर्गातील तीस-चाळीस मुलांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट असतो. तेथे ही वार्ता मुलाच्या आईबापांस कळण्याच्या कितीतरी आधी कळलेली असते आणि तिच्यावर टीकाटिप्पणीही होऊन गेलेली असते. रात्री दोन वाजता एकट्याने हे सारे पाहात पडणे ही यातना मागील पिढीने भोगिलेली नाही. तेव्हा "आम्हीही यातूनच गेलो" असे म्हणणाऱ्या वडिलांनी आपण नेमके कशातून गेलो याची एकवार आठवण करावी.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय भाषेत येतो. "हे प्रेम नव्हेच, हे वयाचे आकर्षण आहे. वर्षभरात विसरेल." प्रेम कशास म्हणावे हा वाद पंडितांनी खुशाल घालावा, आम्हांस तो येथे अप्रस्तुत वाटतो. खेळता खेळता झाडावरून पडलेल्या मुलाचा हात मोडला, तर "खेळच होता, लढाई नव्हती" म्हणून कोणी प्लास्टर घालावयाचे थांबत नाही. प्रसंग पोरकट असेल. मोडलेले हाड पोरकट नसते. या बाबतीत आता केवळ कवींच्या साक्षीवर विसंबण्याचेही कारण उरलेले नाही. १९९९ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात किशोरवयीन मुलामुलींचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात असे आढळले की, जवळचे प्रेमसंबंध नुकतेच तुटलेले असणे हा त्या वयात प्रथमच नैराश्याचा विकार जडण्याचा धोका वाढविणारा एक ठळक प्रसंग होता. २०११ साली अमेरिकेतीलच दुसऱ्या संशोधकांनी प्रेमभंग झालेल्या चाळीस जणांच्या मेंदूचे चित्रण केले. सोडून गेलेल्या व्यक्तीचे छायाचित्र पाहताना त्यांच्या मेंदूतील जे भाग जागृत झाले, त्यांतील काही भाग हातास चटका बसला असतानाही जागृत होणारे होते. काळजाला चटका लागला असे आपली भाषा म्हणते, ती केवळ अलंकार करीत नव्हती असे दिसते.

"वर्षभरात विसरेल" हे म्हणणे बहुतेकांच्या बाबतीत खरेही ठरते. पण सोळाव्या वर्षी वर्ष किती मोठे असते हे चाळिशीतील माणूस विसरून गेलेला असतो. ज्यास एकही दुःख पार करून आल्याचा अनुभव नाही त्यास दुःख पार होते हेच ठाऊक नसते. आपणांस ते ठाऊक आहे, कारण आपण अनेक दुःखांच्या पैलतीरी उभे आहो; तो अद्याप पहिल्याच पुरात आहे. त्यास तीरावरून हसणे हा अनुभवाचा फार वाईट उपयोग झाला. आणि काही मुले तीरास लागतच नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशातील १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतील शेकडा ४.५ प्रकरणी 'प्रेमप्रकरण' हे कारण लिहिलेले आहे. म्हणजे साडेसात हजारांहून अधिक माणसे. ती सर्व अल्पवयीन नव्हेत हे उघड आहे. पोलिसांच्या रकान्यात एकच कारण लिहिले जाते आणि माणसाच्या मनात कारणे अनेक असतात हेही खरे. तथापि एवढा आकडा समोर असता या दुःखास 'पोरखेळ' म्हणण्याचे धाडस कोणत्याही जबाबदार पालकाने करू नये.

आता आम्हांस दुसऱ्या बाजूसही चार शब्द सुनावणे भाग आहे. कारण या मुलांचा घात केवळ घरच करिते असे नाही, साहित्य आणि चित्रपटही करितात. घर म्हणते की हे दुःख काहीच नाही. साहित्य म्हणते की या दुःखापलीकडे काहीच नाही. दोन्ही असत्येच. गटेची 'वेर्थर' ही कादंबरी १७७४ साली निघाली आणि तिच्या विफल नायकाचा पोशाख तरुणांनी उचलला. त्याचा शेवटही कोणी उचलील या भीतीने पुढील वर्षी लाइप्झिग शहरात तिच्यावर बंदी आली. आपल्याकडे शरदबाबूंचा देवदास १९१७ साली पुस्तकातून आला, १९३५, १९५५ आणि २००२ साली पडद्यावर आला, आणि प्रत्येक वेळी आपण त्यास नव्याने रडलो. त्याने पारूचे काय केले, चंद्रमुखीचे काय केले, याचा हिशेब मागण्याची बुद्धी आपणांस क्वचितच झाली. पहिले प्रेम हेच एकमेव खरे प्रेम, आणि त्याच्यासाठी आयुष्य उधळून टाकणे हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा, हे तत्त्वज्ञान सोळा वर्षांच्या मुलाने आत्मसात केले म्हणजे त्यापुढे भविष्यकाळच राहात नाही. ज्या समाजाने विधवेला दुसरे प्रेम नाकारिले त्याच समाजाने हा 'एकदाच'चा मंत्र काव्यात सजवून मुलांच्या हाती दिला, हा योगायोग नव्हे.

सुदैवाने मराठीत याहून प्रामाणिक पुस्तकही आहे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळातील एक लहान गाव, नववीचा वर्ग, आणि वर्गातील शिरोडकर या मुलीवर जडलेले मुकुंद जोशीचे मन, एवढीच तिची कथा. अखेरीस कोणी मरत नाही, कोणी संन्यास घेत नाही. ती मुलगी कुटुंबासह गाव सोडून जाते, मित्रांची फळी मोडते आणि जोशीपुढे दहावीचे वर्ष उरते. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील कोणत्याही मुलास हा शेवट आपलाच वाटेल. त्या पुस्तकात दुःख खरे आहे आणि दहावीही खरी आहे. आमच्या मते साहित्याने या वयास द्यावयाची शिकवण तीच : हे मोठे आहे, आणि याच्या पुढेही वर्ग आहेत.

या प्रश्नास आणखी एक अंग आहे, आणि त्याचा उल्लेख न करणे भ्याडपणाचे होईल. प्रेमभंगाची शिक्षा मुलास आणि मुलीस सारखी होत नाही. मुलीचे शिक्षण थांबते. मुलाचे थांबत नाही. तिचे नाव गावभर होते. त्याचे मित्रमंडळात कौतुक होते. याहून वाईट म्हणजे, आपण मुलास हरावयास शिकवीत नाही. त्यास परीक्षेत जिंकणे, क्रिकेटमध्ये जिंकणे, नोकरीच्या स्पर्धेत जिंकणे शिकविले जाते. आणि पडद्यावरील नायक त्यास शिकवितो की मुलीचा नकार हा नकार नसून पाठलागाचे आमंत्रण आहे. अशा मुलास जेव्हा खरोखरच 'नाही' हा शब्द ऐकावा लागतो तेव्हा त्यास त्यात दुःख न दिसता अपमान दिसतो. दुःखी माणूस रडतो. अपमानित माणूस सूड शोधतो. १९९० साली उल्हासनगर येथे शालान्त परीक्षेच्या केंद्रावर एका मुलीस नकाराच्या सूडापायी जाळून मारण्यात आले. २०२० साली हिंगणघाट येथे एका तरुण अध्यापिकेची तीच गत झाली. या दोन घटनांमध्ये तीस वर्षे गेली. आपण कायदे केले, मोर्चे काढिले, फाशीची मागणी केली. पण आपल्या घरातील मुलाला "ती नाही म्हणाली, तिला तो हक्क आहे, आता रड, पण तिच्या वाटेस जाऊ नकोस" हे वाक्य किती बापांनी सांगितले? ज्या मुलास रडण्याची मुभा मिळते त्यास डूख धरण्याची गरज कमी पडते. तेव्हा मुलाच्या प्रेमभंगाचा आदर करणे ही केवळ मायेची गोष्ट नव्हे. ती दुसऱ्याच्या मुलीच्या रक्षणाचीही गोष्ट आहे.

कायद्याचाही विचार केला पाहिजे, कारण अलीकडे अनेक पहिली प्रेमे पोलीस ठाण्यात संपतात. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानिले आणि त्याची संमती ही संमती नव्हे असे ठरविले. नराधमांपासून लेकरांचे रक्षण करण्यासाठी असा कायदा हवाच होता, आणि वयाने मोठा माणूस अजाण मुलामुलीस भुलवीत असेल तेथे पालकाने क्षणभरही कचरू नये. परंतु एकाच वर्गातील दोन मुलांची मने जुळली, एवढ्यावरून जातीचा वा प्रतिष्ठेचा राग काढण्यासाठी बाप हेच शस्त्र उपसतो तेव्हा काय होते? मुलगा सुधारगृहाची पायरी चढतो, आणि मुलीस स्वतःच्या जिवलगाविरुद्ध साक्ष देण्यास उभे केले जाते. विधी आयोगाने २०२३ सालच्या आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय उतरवू नये असेच सांगितले. तरी सोळा ते अठरा या वयातील अशा प्रकरणी न्यायाधीशास शिक्षेबाबत तारतम्य वापरता यावे अशी सूचनाही केली. न्यायाधीशास जे तारतम्य द्यावे असे आयोगास वाटते, ते बापाजवळ आधीच असावयास नको काय?

आणि जातीचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. भुसावळ हे रेल्वेने वसविलेले बहुभाषी, बहुजातीय गाव. एका चाळीत वऱ्हाडी, खानदेशी, हिंदी, तेलुगू बोलणारी मुले एकत्र वाढतात आणि दिवाळी-ईद-नाताळचा फराळ घरोघर फिरतो. ताटाची देवघेव चालते. पण मन दिले की जात आठवते. डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच सांगून ठेविले की जातिभेदावर खरा उतारा मिश्रविवाहाचा आहे. ते भाषण आपल्या कपाटात असते. मुलाचे प्रेम आपण जातीपायी तोडिले असेल, तर निदान "तुमचे वय नाही, अभ्यासावर परिणाम होतो" असा खोटा मुलामा त्यास देऊ नये. मुलांस खरे कारण बरोबर कळते. त्यांचे प्रेम तर जातेच; शिवाय आईबापांवरील विश्वासही जातो, आणि या दोहोंपैकी दुसरी हानी भरून येण्यास अधिक काळ लागतो.

मग करावे काय? आमची सूचना साधी आहे. आपल्याच परंपरेत दुःखास वागविण्याची एक रीत आहे. ती या दुःखास लागू करावी. सुतकातील विटाळाची कल्पना आम्हांस मान्य नाही. परंतु तिच्यात जे मानवी शहाणपण दडलेले आहे ते टाकून देण्यासारखे नव्हे. सुतकात असलेल्या माणसाकडून कोणी हसण्याची, सणासमारंभाची अपेक्षा करीत नाही. शेजारी जेवण घेऊन येतात आणि दोन घास खाण्याचा आग्रह करितात. माणूस एकटा राहणार नाही याची काळजी घेतली जाते, पण त्याजकडून बोलण्याची सक्ती केली जात नाही. गेलेल्याची निंदा करावयाची नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सुतक फिटते. त्यास आरंभ आहे तसा शेवटही आहे. दुःखास परवानगी देणे आणि दुःखास मर्यादा घालणे, ही दोन्ही कामे ती रीत एकाच वेळी करिते.

याचा व्यवहारी अर्थ असा. मुलाचा प्रेमभंग झाला हे कळले, तर त्याचे नाव प्रेमभंगच ठेवावे. 'लफडे', 'भानगड', 'थेर' हे शब्द घरातून हद्दपार करावे. समोरची व्यक्ती कोण, कोणाची, याची उलटतपासणी घेऊ नये आणि तिची निंदा तर मुळीच करू नये; कारण ज्यावर त्याने जीव लाविला त्याची निंदा ही त्याच्याच निवडीची निंदा होते. दोन वेळचे जेवण, रात्रीची झोप आणि सकाळची शाळा, या तीन गोष्टी मायेने पण नेटाने चालू ठेवाव्या. फोन जप्त करू नये; रात्री तो बैठकीच्या खोलीत ठेवण्याचा नियम करावा आणि तो नियम बापाच्या फोनासही लागू असावा. बातमी नातेवाइकांत वाटू नये. पंधरवडा उलटूनही मुलगा अन्न टाकतो, झोपत नाही, सर्वांशी बोलणे तोडतो, तर वाट पाहू नये. आणि तो मरणाच्या गोष्टी बोलतो किंवा लिहितो असे एकदा जरी दिसले, तरी त्यास धमकी अथवा नाटक न समजता त्याच दिवशी वैद्याची मदत घ्यावी आणि त्यास एकटे सोडू नये. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरपासून 'टेली-मानस' नावाची सेवा चालविली आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनाशुल्क, मराठीतूनही बोलता येते. मानसोपचाराची लाज धरणाऱ्या घरासही हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवण्यास अडचण नसावी. गॅसवाल्याचा क्रमांक आपण लिहितोच.

हे मासिक घरातील मुलेही उघडतात असे आम्ही ऐकतो. म्हणून त्यांस उद्देशून थोडे लिहितो. तुमचे दुःख खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्याची एक शिस्त आहे ती पाळा. मध्यरात्री निरोप धाडू नका. सकाळी तो धाडावासा वाटणार नाही. विश्वासाने दिलेली पत्रे, छायाचित्रे, गुपिते ही ठेव आहे. प्रेम संपले तरी ठेव बुडवावयाची नसते, आणि ती चारचौघांत उघडी करणारा मनुष्य प्रेमिक तर नव्हेच, सभ्यही नव्हे. 'नाही' ऐकले तर ते एकदाच ऐकावे; पुनःपुन्हा म्हणावयास लावू नये. आणि घरातील निदान एका माणसास सांगा : आईस, थोरल्या बहिणीस, आजोबांस, कोणासही. आईबापांस हे जमणार नाही असे तुम्हांस वाटते. कदाचित् तुमचा तर्क खराही असेल. तरी त्यांस एक संधी द्या. तेही कधी सोळा वर्षांचे होते, आणि त्या वर्षाची काही गोष्ट त्यांनी कोणास सांगितली नाही, एवढाच बहुधा त्यांचा दोष असतो.

मुलांच्या लग्नाची आपण कितीतरी आधीपासून तयारी करितो. सोने जमवितो, ठेवी ठेवितो, पत्रिका जुळवितो. त्या सर्व तयारीहून थोडी, आणि पैशाने अगदी स्वस्त, अशी एक तयारी राहून जाते : प्रिय वस्तू गमावल्यावर माणसासारखे कसे वागावे, हे शिकविण्याची. हे शिक्षण शाळेत मिळत नाही, शिकवणीत मिळत नाही. ते घरीच मिळावयाचे, आणि त्याचा पहिला धडा बहुधा पंधराव्या-सोळाव्या वर्षी, अवेळी आणि न कळविता येतो. त्या दिवशी आपल्या घरी कोणी हसू नये, कोणी ओरडू नये. कोणी तरी ताट वाढून त्या मुलाशेजारी मुकाट्याने बसावे. सुतक फिटेपर्यंत एवढे केले तरी पुरे आहे.